आडवाटेच्या गावात राहून दूरचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉप उचलायचा आणि नकाशावर बोट ठेवून शोधावं लागेल अशा एखाद्या शांत, छोट्या शहरात राहायला जायचं, हे डोक्यात घोळत असलेली माणसं मला तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. सगळी सारख्या लांबीची नाहीत. इंटरनेटवर पानभर आणि खुर्ची-टेबलावर दोन ओळी, कारण झोप कशाने उडते हे मला आता माहीत आहे.

अशा गावाचं नेमकं वेगळेपण काय? स्वस्त आणि शांत, एवढंच ना?

नाही. खरं वेगळेपण हे की तिथे प्रत्येक गोष्ट एकच असते. इंटरनेट देणारा एक, लॅपटॉप उघडून बघणारा एक (असला तर), दातांचा डॉक्टर एक आणि तोही आठवड्यातून दोन दिवस येणारा. एक बंद पडलं की पलीकडच्या गल्लीत दुसरं नसतं. मोठ्या शहरात आपण जे भाडं भरतो त्यातलं निम्मं तरी चार भिंतींचं नसतं, पर्यायांचं असतं. गावात भाडं कमी लागतं, पण ते पर्याय आपले आपण उभे करायचे असतात. पुढची बहुतेक उत्तरं फिरून फिरून इथेच येतात.

हे सगळं कोरोनानंतरचं फॅड आहे का?

कल्पना पन्नास वर्षांची आहे. अमेरिकेतले जॅक निलेस यांनी १९७३ मध्ये ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द रूढ केला. माणसाने कामाकडे जाण्याऐवजी काम माणसाकडे आणावं, तेही टेलिफोनच्या तारेवरून, असा त्यांचा विचार होता. त्याच वर्षी तेलसंकट आलं आणि रोज गाडी हाकत ऑफिसला जाण्याचा खर्च लोकांना टोचू लागला. तरी गाडी अडली ती तारेपाशी. लहान गावात ती अजूनही तिथेच अडते.

इंटरनेटचा स्पीड किती हवा?

हा प्रश्न मुळात चुकीचा आहे, पण उत्तर देऊन टाकते. चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ कॉलला जाताना आणि येताना साधारण ३ ते ४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) लागतात. घरात दोघं एकाच वेळी कॉलवर असतील तर दुप्पट, आणि वर थोडी मोकळी जागा. दोन्ही बाजूंना खरोखर २० एमबीपीएस देणारी लाइन बहुतेकांच्या कामाला पुरून उरते.

जाहिरातीतला मोठा आकडा डाउनलोडचा असतो. तुमचा चेहरा आणि आवाज समोरच्याकडे जातो तो अपलोडवरून. जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर चालणारं एडीएसएल मुळातच असमान, खाली भरपूर आणि वर चिमूटभर. शिवाय टेलिफोन एक्स्चेंजपासून घर जितकं लांब तितका वेग कमी. गावाच्या टोकाचं, झाडांनी वेढलेलं जे घर फोटोत सगळ्यांत सुंदर दिसतं, तेच या हिशेबात सगळ्यांत मागे असतं.

घरमालक म्हणतो, “इथे नेट एकदम मस्त चालतं.” तो खोटं बोलत नाही. त्याचे व्हिडिओ अडकत नाहीत, एवढंच त्याला म्हणायचं असतं. व्हिडिओ पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळे मधे दहा सेकंद लाइन गेली तरी बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. बोलण्याला ही सोय नाही. जे अजून बोललंच गेलं नाही ते साठवणार कुठे?

तेव्हा स्पीड टेस्ट करायची ती राउटरला केबल लावून, संध्याकाळी आठ-नऊच्या सुमारास, गाव जेवून-खाऊन मोबाइलवर बसलं की. अपलोड, पिंग (सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ) आणि जिटर (त्या वेळेतला चढउतार) हे तिन्ही आकडे लिहून घ्यायचे. एक दिवस नाही, तीन-चार दिवस. आणि त्याहून महत्त्वाचे दोन प्रश्न शेजाऱ्याला विचारायचे: गेल्या वर्षभरात लाइन किती वेळा तुटली, आणि दुरुस्त करणारा माणूस कुठून येतो? “जिल्ह्याच्या ठिकाणाहून, त्याच्या सवडीने” असं उत्तर आलं तर स्पीडचा आकडा कितीही गोड असो, दुसऱ्या लाइनच्या तयारीला लागा.

मोबाइलचा हॉटस्पॉट आहे की! ती दुसरी लाइन झाली ना?

मलाही तसंच वाटायचं. घरात एका कंपनीचं फायबर, खिशात दुसऱ्या कंपनीचं सिम. एका सकाळी गावाबाहेर रस्ता खोदताना यंत्राने केबल तोडली आणि दोन्ही एकाच मिनिटाला गेली. कंपन्या दोन, पण गावात येणारी केबल एकच. मोबाइलचा टॉवर हवेतून बोलतो तो फक्त आपल्या फोनशी. तिथून पुढे त्यालाही बहुतेक वेळा जमिनीतली तारच लागते.

म्हणून दुसरी लाइन म्हणजे दुसरी कंपनी नव्हे, दुसरी वाट. काही टॉवर मायक्रोवेव्हच्या तबकडीने पुढच्या टॉवरशी जोडलेले असतात. गोल, ढोलासारख्या दिसणाऱ्या त्या तबकड्या टॉवरवर लांबूनही दिसतात. त्या आहेत म्हणून खात्री होत नाही, पण विचारायला धागा मिळतो. सगळ्यांत सोपी चौकशी ही: मागच्या वेळी केबल तुटली तेव्हा गावात कुणाचा फोन चालू होता? दुकानदारांना हे नेमकं आठवत असतं, कारण त्या दिवशी त्यांचा धंदा बसलेला असतो.

सिम तपासायचं तेही ज्या खोलीत टेबल मांडणार त्या खोलीत, खिडक्या बंद करून. जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती ऊन अडवतात तशाच लहरीही अडवतात. वायफायमध्ये २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून बऱ्यापैकी पार होतं, ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण दुसऱ्या भिंतीपाशी दमतं. अशा घरात सरळ केबल ओढून घ्यावी.

डेटाचा हिशेबही करून ठेवा. सलग ३ एमबीपीएस म्हणजे तासाला सुमारे १.३५ जीबी, तेही एका दिशेने. जाणं-येणं धरून २.७. दिवसाला चार तास कॉल असतील तर जवळपास ११ जीबी. मोबाइलचा रोजचा कोटा दुपारीच संपतो. लाइन गेलेल्या दिवशी कॅमेरा बंद ठेवायचा आणि सहकाऱ्यांना कारण सांगून टाकायचं.

उपग्रहाचं इंटरनेट घेतलं तर?

कोणता उपग्रह, हे आधी विचारा. जुन्या पद्धतीचे भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या ३५,७८६ किलोमीटर वर असतात. सिग्नलला वर जाऊन खाली यायला सुमारे पाव सेकंद, उत्तराला पुन्हा पाव सेकंद. यंत्रांचा वेळ वेगळाच. बोलण्यासाठी एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं जुनं मानक सांगतं. त्यापलीकडे गेलं की दोघं एकदम बोलायला लागतात, दोघं एकदम थांबतात, “बोला, बोला” करत बैठक संपते. ईमेलला आणि फायलींना हे चालतं, संभाषणाला नाही.

नवे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात, तिथे हा त्रास जाणवत नाही. त्यांचे प्रश्न वेगळे: अँटेनाला मोकळं आकाश लागतं आणि मोठी झाडं आड येतात. मुसळधार पावसात सिग्नल पडतो. राउटरपेक्षा वीज बरीच जास्त लागते. शिवाय ही सेवा प्रत्येक देशात सुरू नाही. पण जमिनीतल्या केबलशी काही संबंध नसलेली वाट म्हणून दुसरी लाइन यापेक्षा चांगली मिळणं अवघड.

वीज गेली तर?

‘तर’ नाही, ‘तेव्हा’. हिशेब सोपा आहे. लॅपटॉप ६० वॉट, वेगळा मॉनिटर ३०, राउटर आणि फायबरचा डबा मिळून १५. म्हणजे १०५ वॉट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची इन्व्हर्टरची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास. शिसे-आम्लाची असेल तर आयुष्य टिकवण्यासाठी निम्मीच वापरावी, त्यात इन्व्हर्टर थोडी खातो. हाती साधारण सात तास राहतात. लिथियमची असेल तर त्याच आकारमानात बरंच जास्त. मॉनिटर बंद केला की आणखी दोन-तीन तास सहज वाढतात.

फायबर घेणाऱ्यांसाठी एक चांगली बातमी, जी कंपनीचे लोकही क्वचित सांगतात. घराघरांत येणाऱ्या फायबरच्या जाळ्यात एक्स्चेंज आणि घर यांच्या मधे बहुधा विजेवर चालणारं काहीच नसतं, प्रकाश नुसत्या काचेच्या विभाजकांतून वाटला जातो. एक्स्चेंजला बॅटरी किंवा जनरेटर असतोच. म्हणजे सगळं गाव अंधारात असलं तरी तुमच्या राउटरला वीज मिळाली की लाइन चालू राहू शकते. राउटरपुरता मिळणारा छोटा डीसी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर राउटर चालवणारी छोटी बॅटरी, ही मी घेतलेली सगळ्यांत शहाणपणाची वस्तू. उलट, मोबाइल टॉवर बॅटरीवर काही तास टिकतो आणि मग मान टाकतो, तेव्हा लांबलचक भारनियमनात हॉटस्पॉटवर विसंबू नका.

विजा कडाडू लागल्या की प्लग काढा. तांब्याच्या तारेतून झटका आत येतो. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण तिच्या डब्याचा अडॅप्टर मात्र भिंतीतल्या प्लगलाच लावलेला असतो.

गाव खरंच शांत असतं का?

वाहनांचा आवाज कमी असतो. बाकीचे सगळे आवाज ठळक ऐकू येतात, कारण त्यांना झाकणारी गजबज नसते. पहाटेचा कोंबडा, लाकूड कापायची करवत, पंप, कुत्री. फ्रान्समध्ये ओलेरों बेटावरच्या मोरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध सुट्टीला येणाऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये कोर्टाने निकाल कोंबड्याच्या बाजूने दिला, आणि जानेवारी २०२१ मध्ये तर तिथे ग्रामीण भागातले आवाज आणि वास हा वारसा मानणारा कायदाच झाला. बोध ज्याने त्याने घ्यावा. मी मायक्रोफोन चांगला घेतला.

जायच्या आधी किती दिवस राहून बघावं?

चार आठवडे, आणि तेही सगळ्यांत वाईट ऋतूत. गाव जेव्हा चिखलात, थंडीत किंवा उन्हात असतं, तेव्हा जा. फुलं फुललेली असताना कुठलंही गाव चांगलंच वाटतं. या चार आठवड्यांत सुट्टी घेऊ नका, नेहमीचं पूर्ण काम करा. एक दिवस मुद्दाम घरची लाइन बंद करून दुसऱ्या लाइनवर काढा. आजारी नसलात तरी डॉक्टरकडे जाऊन या. शेवटची बस किती वाजता सुटते, ती खरंच सुटते का आणि रविवारी काय उघडं असतं, हे पाहून घ्या.

घर भाड्याने घ्यावं की विकत?

पहिलं वर्ष भाड्याने. यावर मी वाद घालत नाही.

विकतचा मोह का होतो ते समजतं. जपानच्या २०२३ च्या सरकारी पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. इटलीतल्या कित्येक लहान गावांनी पडीक घरं नावापुरती एका युरोला विकायला काढली. पण त्या एका युरोबरोबर ठरलेल्या मुदतीत घर दुरुस्त करण्याची अट येते, बहुतेक ठिकाणी अनामत रक्कमही. खर्च असतो तो छपराचा, पाइपांचा आणि गवंड्याची वाट बघण्याचा. गवंडीही एकच असतो, हे विसरू नका. आणि जिथे इतकी घरं रिकामी आहेत तिथे आपण घेतलेलं घर पुन्हा कोण विकत घेणार, हेही स्वतःला विचारून ठेवावं.

भाडेकरारात दोन गोष्टी लिहून घ्या: दुसरी इंटरनेट लाइन किंवा छतावर अँटेना बसवायची परवानगी, आणि मुदतीआधी घर सोडायची सोय. घरमालक पहिल्याला हसून होकार देतो. दुसऱ्याला थोडा वेळ लागतो.

कंपनीला सांगावंच लागेल का?

हो. आणि परवानगी लेखी घ्या.

देश तोच असेल तर प्रकरण बहुतेक सोपं असतं. तरी काही देशांत राज्य बदललं की कर बदलतो, अमेरिकेत तर नक्कीच. देश बदलला तर मात्र तीन वेगवेगळ्या गाठी असतात आणि लोक त्या एकच समजतात. पहिली तुमच्या आयकराची. अनेक करारांत आणि कायद्यांत १८३ दिवसांची मर्यादा दिसते, म्हणून “सहा महिन्यांच्या आत परत आलं की झालं” अशी समजूत पसरली आहे. पण काही देश दिवसांबरोबर घर कुठे आहे, कुटुंब कुठे आहे हेही बघतात. दुसरी गाठ कंपनीची: तुम्ही तिथे बसून करार करू लागलात, तर कंपनीचं तिथे कायमस्वरूपी आस्थापन आहे असं तो देश म्हणू शकतो आणि नफ्यावर कर मागू शकतो. कंपनीचे वकील कपाळाला हात लावतात ते यामुळे. तिसरी सामाजिक विम्याची, म्हणजे निवृत्तिवेतन, आरोग्य वगैरेची वर्गणी कुठे भरायची. युरोपीय संघात त्यासाठी ए१ नावाचा दाखला असतो.

“व्हीपीएन (आपण कुठून जोडले आहोत ते लपवणारी सोय) लावला की कुणाला कळतंय” हा सल्ला देणारे भेटतील. कळतं. आणि त्या दिवशी प्रश्न कराचा राहत नाही, विश्वासाचा होतो.

परदेशातल्या गावासाठी कोणता व्हिसा?

पर्यटक व्हिसाने राहता येतं, काम करता येतंच असं नाही. युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक शेंगेन क्षेत्रात तर राहणंही कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस इतकंच. खास दूरस्थ कामासाठीचे परवाने २०२० पासून निघू लागले. बार्बाडोसने जुलै २०२० मध्ये वर्षभराचा, एस्टोनियाने पुढच्याच महिन्यात. जपानने २०२४ मध्ये काढला तो सहा महिन्यांचा, वर्षाला किमान एक कोटी येन मिळवणाऱ्यांसाठी. नियम वारंवार बदलतात, त्यामुळे वकिलातीचं ताजं पान वाचूनच पुढे जा. गावाच्या दृष्टीने अडचण वेगळीच असते: नोंदणीचं कार्यालय मोठ्या शहरात, आणि गावातल्या कारकुनाने असा कागद आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेला.

वेळेचा फरक कसा सांभाळायचा?

चार तासांपर्यंतचा फरक अंगवळणी पडतो. त्यापुढे गाव हळूहळू दिसेनासं होतं. टीम दूर पश्चिमेला असेल तर तुम्ही रात्री काम करणार, सकाळी झोपणार. लहान गावात बँक, पोस्ट, दवाखाना सगळं दिवसा आणि थोडाच वेळ. संध्याकाळी सातला तुम्ही ताजेतवाने बाहेर पडता तर सगळी दारं बंद. असं वर्षभर झालं की त्या गावात असणं आणि नसणं सारखंच.

एक बारीक खड्डा: घड्याळं पुढे-मागे करण्याचा दिवस सगळीकडे एक नसतो. अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला, युरोपीय संघात मार्चचा शेवटचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा. मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला एक आठवडा बैठका तासभर सरकतात. तुमच्या देशात घड्याळ बदलत नसेल तर तुम्हाला आणखीनच आश्चर्याचा धक्का बसतो.

डोळ्याआड गेलं की बढती अडते का?

अडू शकते. शांघायमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत २०१०-११ मध्ये निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांचा प्रयोग केला होता. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. पण तेवढ्याच कामगिरीवर बढती मिळण्याचं प्रमाण मात्र घटलं. पुढे त्याच कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर, आठवड्यातून दोन दिवस घरून, असा प्रयोग झाला. त्यात बढतीवर परिणाम दिसला नाही. माझा अर्थ असा: अधूनमधून तोंड दिसत राहिलं पाहिजे. वर्षातून तीन-चार वेळा, मोठ्या निर्णयांच्या आधी, ऑफिसात जाऊन बसा. गावाहून स्टेशन किंवा विमानतळ किती तासांवर आहे हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. सकाळी निघून रात्रीपर्यंत मुख्य ऑफिसात पोहोचता येत नसेल तर मी ते गाव यादीतून काढते.

दूरच्या माणसाने लिहून बोलायला शिकावं, हेही आहेच. काय ठरलं, का ठरलं, पुढे कोण काय करणार, हे चार ओळींत रोज लिहिणाऱ्याची आठवण राहते.

एकटेपणा येतो का?

येतो, आणि साधारण तिसऱ्या महिन्यात येतो. पहिले दोन महिने नवलाईचे. वर सांगितलेल्या पहिल्या प्रयोगानंतर पुन्हा निवड करू दिली तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक ऑफिसात परतले. एकटेपणा हे त्यातलं मोठं कारण.

गावात ओळखी ठरवून होत नाहीत, पुन्हा पुन्हा दिसण्याने होतात. रोज त्याच वेळी त्याच रस्त्याने फिरायला जा. एकाच दुकानात जा. वाचनालय असेल तर सभासद व्हा, भले पुस्तकं जुनी असोत. एखाद्या सामूहिक कामाला हात लावा, खुर्च्या उचलण्यापासून सुरुवात केली तरी चालेल. कार्यक्रम कसा असावा हे पहिल्या वर्षी सांगू नका.

आणि हे लक्षात असू द्या की इथे माणसांनाही पर्याय नसतो. शहरात एका शेजाऱ्याशी बिनसलं तर आपण दुसऱ्या जिन्याने उतरतो. गावात ज्याच्याशी कुंपणावरून वाजलं तोच नळ दुरुस्त करणाराही असतो. मी पहिल्या वर्षात एकदा हरले नसते तरी चाललं असतं असा वाद मुद्दाम हरले. अजून पस्तावले नाही.

“तुम्ही नक्की करता काय?” असं गावातले विचारतात. काय सांगावं?

थोडक्यात, खरं आणि रोज तेच. दिवसभर घरात बसणारा, कुणी साहेब नसलेला, तरी भाडं वेळेवर देणारा माणूस संशयास्पद वाटणं साहजिक आहे. कामाच्या वेळा सांगून ठेवा, म्हणजे ऐन बैठकीत दारावरची थाप कमी होते. बंद होणार नाही. कॉम्प्युटरचं काम करता म्हटल्यावर लोक प्रिंटर दाखवायला आणतात. दोन-तीन दुरुस्त करा, जमलं नाही तर तसं सांगा.

आजारी पडलो तर?

इथे भावनेला जागा नाही, अंतर मोजा. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात बंद पडलेली रक्तवाहिनी अँजिओप्लास्टीने उघडायची तर निदानापासून १२० मिनिटांच्या आत व्हावी, असं वैद्यकीय मार्गदर्शन आहे. तेवढ्यात पोहोचता येत नसेल तर आधी गुठळी विरघळवणारं औषध देतात. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषधही साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि त्याआधी स्कॅन लागतो. म्हणजे शोधायचं ते ‘जवळचं हॉस्पिटल’ नाही. अँजिओप्लास्टी करणारी कॅथलॅब कुठे आहे, सीटी स्कॅन रात्री चालू असतो का, आणि रुग्णवाहिका गावात असते की बाहेरून येते, हे शोधायचं. नेहमीची औषधं निदान महिनाभराची जास्त ठेवा. दातांची कामं निघायच्या आधी उरकून घ्या.

लॅपटॉप बिघडला तर?

दुसरा लॅपटॉप, जुना का असेना, तयार स्थितीत कपाटात. दोन चार्जर. बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. ही घराबाहेरची प्रत क्लाउडवर ठेवायची तर पहिला बॅकअप शहरात असतानाच चढवा: ५ एमबीपीएस अपलोडवर ५०० जीबी चढायला सलग नऊ दिवसांहून जास्त लागतात, आणि तेवढे दिवस बाकी सगळं रांगत चालतं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी, असू द्या.

खुर्ची, टेबल?

चांगली खुर्ची येताना बरोबर आणा. टेबल गावातला सुतार करून देईल, बहुधा तुमच्या ऑफिसातल्यापेक्षा चांगलं.

आपल्यासारखे लोक आल्याने गाव महाग होतं का?

थोडेच आले तर नाही. खूप आले तर होतं, आणि ते मान्य करावं. अमेरिकेत डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२१ या काळात घरांच्या किमती २३.८ टक्क्यांनी वाढल्या. त्यातली निम्म्याहून जास्त वाढ दूरस्थ कामामुळे झाली, असा दोन अर्थशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. दुसरीकडे काही ठिकाणं स्वतःहून बोलावतात. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या तल्सा शहरात येऊन राहणाऱ्यांना २०१८ पासून १०,००० डॉलर देणारी योजना आहे. जपानमधल्या डोंगरातल्या कामियामा गावात २०१० पासून कंपन्यांनी जुन्या घरांत छोटी ऑफिसं थाटली. बोलावणं असो वा नसो, सांगितलं ते भाडं मुकाट देऊन टाकणं हा उदारपणा नव्हे. पुढच्या भाडेकरूसाठी तोच भाव ठरतो, आणि तो भाडेकरू गावातलाच कुणीतरी शिक्षक किंवा कंपाउंडर असतो. गावच्या दराची चौकशी करून तेवढंच द्या. जास्तीचे पैसे गावातल्या माणसांना काम देण्यात घाला.

जोडीदार आणि मुलं असतील तर?

दूरची नोकरी एकाचीच असेल तर दुसऱ्याच्या दिवसाचा आधी विचार करा, तुमचा दिवस कामात जातोच. मुलांची शाळाही एकच असते. तिथल्या शिक्षकांना भेटल्याशिवाय सामान बांधू नका.

जमलं नाही तर परत येता येईल का?

येता यावं अशी सोय निघतानाच करायची असते. शहरातलं घर स्वतःचं असेल तर पहिल्या वर्षी विकू नका, भाड्याने द्या आणि करार अकरा-बारा महिन्यांचाच ठेवा. तीन महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा. जुन्या डॉक्टरकडची फाइल बंद करू नका, व्यवसायातल्या माणसांना महिन्यातून एकदा तरी फोन करा. गाडीत मावेल तेवढंच सामान पहिल्या फेरीत न्या.

माझं उरलेलं सामान एका मैत्रिणीच्या माळ्यावर पाच वर्षं पडून होतं. गेल्या महिन्यात तिने घर बदललं तेव्हा ते घेऊन जा म्हणून फोन आला. सात खोकी होती. सहा इकडे आणली. सातव्यात शहरातल्या घराचे पडदे निघाले, इथल्या खिडक्यांना लांब होत होते. ते तिलाच ठेव म्हटलं.